शिवेबाहेरची शाळा

आमच्या शाळेत सहावी आणि सातवी एकाच खोलीत बसायची, एकमेकींकडे पाठ करून. सहावीचा फळा पूर्वेच्या भिंतीला, सातवीचा पश्चिमेच्या, आणि मधल्या हातभर पट्ट्यात मी. इकडे अपूर्णांकाची उदाहरणं घालून वळायचं, तिकडे इतिहासाचा धडा सुरू करायचा, तो रंगात येतोय तोवर इकडच्या पोरांची पेन्सिलीवरून मारामारी. खिडकीतून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, या बाईच्या अंगात आलंय.

मी अतिथी शिक्षिका. म्हणजे जूनमध्ये बोलवायचं आणि एप्रिलमध्ये वाटेला लावायचं. घरी आलेल्या पाहुणीला निदान निघताना कुंकू तरी लावतात. आम्हाला मुख्याध्यापक गुरुजी 'पुढच्या वर्षी बघूया' एवढंच म्हणायचे. तरी दर जूनला मी हजर, कारण ती खोली मला सुटत नव्हती. रागीट म्हणून माझी ख्याती होती, पण त्या खोलीत माझा राग कामाला यायचा.

आमची ही मराठी शाळा कर्नाटकातल्या रामनगरच्या बाजाराच्या मागच्या अंगाला. पुढं हायवे, गोव्याकडं जाणारे ट्रक, ट्रकवाल्यांची हॉटेलं, बेकरी, मोबाइलची दुकानं. आणि मागं उतारावर ओढ्यापर्यंत आमची वाडी. बाजार दरवर्षी पुढं सरकतो आणि वाडीचं एखादं घर गिळतो. वाडीतल्या बऱ्याच घरांची मूळ गावं सुप्याच्या धरणाखाली गेली. माणसं इकडं आली तशी त्यांची देवीही आली. तिला आधी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं, आता सिमेंटचं देऊळ आहे आणि वर रंगीत कळस आहे. शाळेचे वासे मात्र वाळवीनं खाल्ले होते, आणि त्याबद्दल कुणाला फारसं वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटण्यासारखी पोरं तरी शाळेत कुठं उरली होती? सकाळी साडेआठला हायवेवर इंग्रजी शाळेची पिवळी बस थांबायची आणि निम्मी वाडी तिच्यात चढायची. शाळा सुधारणा समितीच्या अध्यक्षांचा नातूही त्याच बसमध्ये. माझ्या जावेची मुलंही त्याच बसमध्ये, तेव्हा मी फार तोंड वर करून बोलू नये.

उरली ती पोरं ज्यांच्या घरात बसचे पैसे नव्हते. त्यात सहावीतली एक पोर होती. उंच, काटकुळी, दोन वेण्या वर बांधलेल्या, आणि आवाज असा खणखणीत की ती वाचायला उभी राहिली की पलीकडची सातवी गप्प व्हायची. बाप गोव्यात बांधकामावर, चतुर्थीला आणि शिमग्याला उगवणारा. आई लावणी-कापणीला जायची, नाहीतर जंगल खात्याच्या रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरायची. धाकटा भाऊ आमच्याच आवारातल्या अंगणवाडीत. शाळा सुटली की त्याला कडेवर घेऊन ही घरी जायची, भात लावायची.

तिची एक मावशी मडगावला एका घरी धुण्याभांड्याला होती. त्या घरात तान्हं मूल होतं आणि त्याला सांभाळायला पोरगी हवी होती. मावशीनं दोनदा निरोप धाडला होता. मी आईला गाठलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, शाळा दारात हाय तवर शिकू दे. सातवी होऊ दे तिची. खरं हायवे वलांडून लांबच्या शाळंत मी पोरीला धाडणार न्हाई. मग ती आपली जाऊ दे मावशीकडं." आमच्याकडं 'पण' म्हणायच्या जागी 'खरं' म्हणतात, आणि त्या 'खरं'च्या पुढं जे येतं तेच खरं असतं. म्हणजे हिशेब साधा होता. आमच्या खोलीत सातवी राहिली तर पोर शिकणार, नाहीतर पाळण्याची दोरी ओढणार.

त्या वर्षी माघात गुरुजी तालुक्याहून मीटिंग करून आले आणि टोपी काढून टेबलावर ठेवून बसले. गुरुजी निवृत्तीला आलेले, कुणालाही 'नाही' न म्हणणारे. ते म्हणाले, कमी पटाचे वर्ग बंद होणार आहेत. सहावी-सातवी जवळच्या कन्नड शाळेला जोडणार, ती शाळा हायवेच्या पलीकडं. पण आधी शिक्षण खात्याचे साहेब येऊन पोरं प्रत्यक्ष बघणार. कागदावर आमची पोरं कशीबशी पुरत होती. ती समोर बसलेली दिसली की वर्ग टिकणार. येणार कधी, तर मंगळवारी.

मी म्हटलं, "गुरुजी, मंगळवारी वार हाय."

गुरुजी म्हणाले, "व्हय."

परक्याला हे समजणार नाही म्हणून सांगते. देवीची मोठी जत्रा बऱ्याच वर्षांनी येते, आणि जत्रेच्या आधी काही मंगळवार गाव वार पाळतं. त्या दिवशी उजाडायच्या आत सगळ्यांनी घराला कुलूप लावून शिवेबाहेर जायचं. म्हातारी, तान्ही, बाळंतीण, गुरंसुद्धा. गावात चूल पेटवायची नाही, केर काढायचा नाही, पाणी भरायचं नाही. दिवसभर शेतात राहायचं, तिथंच रांधून खायचं. संध्याकाळी पुजारी शिवेवर गाऱ्हाणं घालतो, ढोल वाजतो, मग सगळ्यांनी मिळून आत यायचं. दिवसभर गाव देवीचं. पन्नास पावलांवर बाजारात मोबाइलवर गाणी वाजत असतात, वडे तळत असतात, आणि आमच्या वाडीत माणूस नाही. बाजारानं वाडी कितीही गिळली असली तरी शीव कुठून कुठवर आहे हे पोरासोरांनाही पाठ आहे.

गुरुजींनी साहेबांना दिवस बदलून मागितला होता. साहेब म्हणाले, सगळ्या तालुक्याच्या शाळांचे दिवस लागलेत, एकाचा हलवला की सगळ्यांचे हलवावे लागतील, आणि वार ही सरकारी सुट्टी नाही. ते चूक बोलले असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं.

मग मी पंचांकडं गेले. मुख्य पंच म्हणजे माझे चुलतसासरे, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांच्या अंगणात सुपाऱ्या सोलायचं काम चालू होतं. मी म्हटलं, "अण्णा, फक्त शाळंची पोरं तेवढी दोन तास आत बसू द्यात. साहेब बघून जातील, की लगेच भायेर आणतो त्यास्नी."

अण्णांनी मान वर केली नाही. "वार हाय तो."

"न्हाईतर वर्ग जातंय अण्णा."

"वर्ग गेला तर गेला. खरं गाव जाया नको. एकदा गेलंय."

गाव धरणात गेलं त्याच्या आधीच्या जत्रेला कुणीतरी वार मोडला होता, असं वाडीत मानतात. धरण सरकारनं बांधलं, वीज आणखी कुठं गेली, पण दोष वार मोडणाऱ्याचा. तो कोण होता ते प्रत्येक घरी वेगळं सांगतात. एवढं मात्र सगळ्यांचं एकमत की ती बाई होती. कुणी म्हणतात विहिरीला पाण्याला गेलेली, कुणी म्हणतात विसरलेलं सोनं आणायला गेलेली.

मी घरी येऊन भांडी आपटली. सासूबाई म्हणाल्या, भांड्यांनी काय केलंय तुझं? रात्रभर मी धुसफुसत होते, आणि सकाळी गुरुजीच एक तोड घेऊन आले. गुरुजींना आयुष्यात सुचलेली ती बहुधा एकमेव हिकमत. शाळा आत बसवता येत नाही ना, मग शाळा बाहेर नेऊ. ओढ्यापलीकडं अण्णांच्याच शेतात फणसाखाली पोरं गणवेशात बसवू. साहेबांना तिथंच बोलावू. पोरं बघायची आहेत ना, मग भिंती कशाला हव्यात?

अण्णांना ते पटलं, पण देवीला विचारायला हवं होतं. पुजाऱ्यानं देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या आणि आम्ही सगळे टक लावून बसलो. उजवीकडची पाकळी पडली की होकार. बराच वेळ काहीच पडेना. मग उजवीकडची पडली आणि बायकांनी हात जोडले. त्या पोरीची आई माझ्या शेजारी होती. ती म्हणाली, "देवीनंच व्हय म्हटलंय बाई. आता सायेब न्हाई कसं म्हनतील?" मीही हात जोडले. उजवा कौल बघून मला खरंच हायसं वाटलं होतं, आणि आता आठवलं की स्वतःचीच कीव येते.

वाराच्या दिवशी घरातून काही बाहेर काढता येत नाही, म्हणून सोमवारी दिवस मावळायच्या आत आम्ही फळे, खडू, पट, पुस्तकं, दुपारच्या जेवणाची पातेली, तांदूळ, सगळं ओढ्यापार नेलं. गुरुजींनी साहेबांना फोन केला, शाळेकडं येऊ नका, ओढ्याच्या वाटेनं या. साहेब 'सरी, सरी' म्हणाले. कन्नडमध्ये 'सरी' म्हणजे ठीक आहे. माझ्या अनुभवानं, दोनदा 'सरी' म्हणणारा माणूस ऐकत नसतो.

मंगळवार. तो दिवस मला सगळा आठवतो, आणि तो इतका चांगला होता याचाच राग येतो. भाताच्या कापलेल्या शेतात चुली पेटल्या होत्या. फणसाला दोन फळे टेकवले, एकाकडं तोंड करून सहावी, दुसऱ्याकडं सातवी, पुढं लहान वर्ग. सगळी पोरं निळ्या गणवेशात, तेल लावून चापून चोपून. आणि त्यांच्या मागं, काही काम नव्हतं म्हणून, अख्खी वाडी बसली. आई-बाप, आज्या-आजोबा, तान्ह्यांना पाजत बसलेल्या बायका. इतक्या वर्षांत पालकसभेला चार माणसं जमवताना माझ्या तोंडाला फेस यायचा, आणि आज वार होता म्हणून सगळं गाव शाळेत आलं होतं. बाप लोकांनी कधी आपल्या पोरांना शिकताना बघितलं नव्हतं. ते तोंड उघडं टाकून ऐकत होते.

मी त्या पोरीला उठवलं आणि म्हटलं, पान झाडासाठी काय करतं ते तू सांग. तिनं फळ्यावर फणसाचं पान काढलं, शिरा काढल्या, बाण काढले. मूळ पाणी पाठवतं, पान हवा आत ओढतं, ऊन पडतं, आणि पानात झाडाचं अन्न तयार होतं. तिची आई मागून बघत होती. ती जन्मभर जंगलातला पाला डोक्यावरून वाहत आलेली, शेणखतात घालायला.

"म्हंजे पानात सैपाक होतंय व्हय?" आई मध्येच म्हणाली.

"व्हय आई, उनाच्या चुलीवर," पोर म्हणाली आणि सगळं शेत हसलं.

आई हसली नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. थोड्या वेळानं माझ्याकडं आली आणि हळूच म्हणाली, "बाई, सातवी करू देच तिला. मावशीला सांगतो मी, दुसरं कोण तरी बघ म्हनून." मी वळून फळा पुसायला घेतला, कारण पोरांसमोर मी रडत नाही.

अकराच्या सुमाराला पांढरी जीप दिसली. पण ती ओढ्याच्या वाटेला नव्हती. बाजारातून उतरून ती सरळ शाळेकडं चालली होती. फोनमधल्या नकाशात शाळा जिथं आहे तिथं ड्रायव्हरनं गाडी नेली. शेतातून शाळेचं कौलारू छप्पर आणि आवाराचा कोपरा दिसतो. गुरुजी हात उंच करून बांधावर चढले. ओढ्याकाठी फोनला रेंज नाही. ते बांधावर पुढं-मागं धावत होते, फोन आभाळाला दाखवत होते, आणि फोन काही लागत नव्हता. पोरं उठली, ओरडायला लागली. माणसांनी टॉवेल हलवले. एवढ्या लांब काय दिसणार, काय ऐकू येणार. जीप थांबली. पांढऱ्या शर्टातला माणूस उतरला, शाळेच्या दाराशी गेला, तिथं उभा राहिला. मग त्यानं फोन डोळ्यांसमोर धरला.

मी म्हटलं, "कोण तरी पळा की."

कुणी हललं नाही. सगळ्यांचे डोळे अण्णांकडं. अण्णा म्हणाले, "शीव वलांडायची न्हाई कुनी." तो परका माणूस आत होता त्याचं काही नव्हतं. परक्याचा दोष देवीला लागत नाही, घरच्याचाच लागतो. गुरुजी बांधावरून खाली आले आणि जमिनीकडं बघू लागले.

मी पदर खोचला आणि निघाले. मागून अण्णांची हाक आली, "सूनबाई!" शेतात सकाळपासून ते मला 'बाई' म्हणत होते. मी थांबले नाही. ओढ्यात चपला अडकल्या, त्या तिथंच सोडल्या. वाडीत शिरले तर कुठं धूर नाही, आवाज नाही, एक कुत्रं तेवढं पायरीवर बसून माझ्याकडं बघत होतं. माझ्याच पावलांचा आवाज मला ऐकू येत होता. भीती वाटली का, तर वाटली. मी काही मोठी सुधारक बाई नाही. लहानपणापासून खानापूरकडच्या माझ्या माहेरीही वार पाळलेत मी. धावताना मनात देवीलाच म्हणत होते, सांभाळून घे, पोरींसाठी चाललेय.

शाळेपाशी पोचले तेव्हा आवारात जीपच्या चाकांची नक्षी होती आणि दाराला कुलूप होतं. मी तशीच चढ चढून बाजारात गेले. तिथं जत्रेची वर्गणी मागणाऱ्यांचा कर्णा, वड्यांचा वास, ट्रकांची रांग. जीप नव्हती. अनवाणी, घामानं भिजलेली मी बेकरीच्या दारात उभी राहिले आणि फोन लावला. इथं रेंज होती.

"फोटो होय्तु री बाई," साहेब म्हणाले. म्हणजे कुलपाचा फोटो वर गेला.

मी सांगितलं, पोरं ओढ्यापलीकडं बसलीत, सगळी आहेत, दहा मिनिटं मागं या. साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "मीबी मास्तरच होतो. पटतंय मला तुमचं. खरं शाळंच्या जागंवरचाच फोटो घेतंय ते ॲप. शेतातली पोरं धरत न्हाई. आनी एकदा वर गेलं की माझ्या हातात काय ऱ्हातंय?" मी म्हटलं, उद्या या. ते म्हणाले, उद्या नंदिगड्ड्याकडं दुसऱ्या शाळा बघायला जायचंय. वर बसून उंटावरून शेळ्या हाकणारे कोण होते देव जाणे, पण फोनवर होता तो बिचारा शेळीच होता.

संध्याकाळपर्यंत मी शाळेच्या पायरीवर बसले. परत शेतात जायला तोंड नव्हतं, आणि मोडलेला वार परत जाऊन जुळणार नव्हता. दिवस कलल्यावर ढोल वाजला. माणसं डोक्यावर पातेली घेऊन आत आली आणि माझ्यासमोरून माझ्याकडं न बघता गेली. ती पोरगी तेवढी थांबली. तिच्या हातात माझ्या चपला होत्या. "बाई, गावलं व्हय सायेब?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. ती चपला माझ्या पायाशी ठेवून भावाला घेऊन गेली.

देवीपुढं माझ्या नावानं नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ठरलं. मी दोन दिवस अडून बसले, मग सासूबाईंच्या रडण्यापुढं हरले आणि गेले. पुजारी म्हणाला, "लेकराचं चुकलंमाकलं पदरात घे." मी मान खाली घालून उभी राहिले. जत्रा झोकात झाली. रोषणाई, गोव्याहून आलेला बँड, बाहेरगावचे पाहुणे. शाळेच्या खोल्या पाहुण्यांना झोपायला दिल्या होत्या. सहावी-सातवीच्या खोलीत गाद्या टाकल्या होत्या आणि फळ्याला कुणीतरी शर्ट अडकवला होता.

मे महिन्यात हुकूम आला. सहावी आणि सातवी बंद. गुरुजींनी मग तालुक्याला खेपा घातल्या, पंचांनी अर्ज केला, अध्यक्षांनी आमदारांच्या माणसाला गाठलं. बैल गेला आणि झोपा केला. आणि वाडीत एकच बोललं जाऊ लागलं, बाईनं वार मोडला म्हणून वर्ग गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात आमची वाडी पहिल्यापासून तरबेज. मी अण्णांना एकदा विचारलं, "अण्णा, फोटो पयला निघाला, मी मागनं पळालो. तुमी सगळ्यांनी डोळ्यांनं बघितलंय की. मग माझ्यापायी कसा गेला वर्ग?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "देवीला काय आदी आन काय मागनं?"

मला खूप ओरडायचं होतं. फोटोबद्दल, पिवळ्या बसबद्दल, वाळवीबद्दल, अध्यक्षांच्या नातवाबद्दल. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती भीती होती, गाव पुन्हा जाईल याची. त्या भीतीपुढं माझं सगळं शिक्षण पालथ्या घड्यावरचं पाणी. मी घरी आले आणि त्या दिवसापासून वाडीत कुणाशी वाद घातला नाही. लोक म्हणतात, बाई निवळली. निवळले वगैरे काही नाही, माझी आशा संपली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी त्या आईकडं गेले. म्हटलं, हायवेपलीकडं नेऊन सोडायचं आणि आणायचं मी बघते, कन्नडही मी घरी शिकवते, बाजारात बोलते तेवढी कन्नड तिला येतेच आहे. आईनं मला बसायला पाट दिला, चहा दिला. मग म्हणाली, "तुमच्यावर राग न्हाई बाई माझा. तुमी पळालासा ते माझ्याच पोरीसाठनं, कळतंय मला. खरं आता त्या शिकन्याचंच भ्या वाटतंय. देवीच्या मनात न्हाई ते." पोर दारात उभी राहून ऐकत होती. ती रडली असती तर मला काही करता आलं असतं. ती नुसती माझ्याकडं बघत होती, वर्गात उत्तर येत असताना मी दुसऱ्याला विचारलं की बघायची तशी. त्याच आठवड्यात मावशी येऊन तिला घेऊन गेली. मलाही त्या जूनला बोलावणं आलं नाही. वर्गच नाही तर पाहुणी कशाला. आता मी घरी ब्लाउज शिवते.

चतुर्थीच्या बाजारात ती मला भेटली. गोव्याची बस नुकतीच येऊन गेली होती, स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. अंगात नवा ड्रेस, केस कापलेले, थोडी भरलेली. आईसाठी साडी, भावासाठी बॅट घेऊन निघाली होती. मला बघून पळत आली आणि भर गर्दीत वाकून पाया पडली. मी विचारलं, बरी आहेस ना, नीट वागवतात ना. म्हणाली, बरं हाय, बाळ माझ्याशिवाय कुणाकडं जात न्हाई, त्याला मी पानं दाखवतो.

मग म्हणाली, "बाई, भावाला इंग्लिश शाळंत घातलंय. पिवळ्या बसनं जातंय. माझ्या पगारातनं भरतंय आई फी." हे सांगताना तिचा आवाज तोच होता, खणखणीत. आजूबाजूच्या दोघांनी वळून बघितलं.

"बरं केलंस," मी म्हटलं.

"तो मोठा झाला की मला सातवीचं शिकवनार हाय म्हनतोय."

तिचा भाऊ अजून बालवर्गात आहे. तो सातवीत जाईल तोवर ही कुठल्या घरात असेल, कुणाची बायको असेल, हे मला तिथंच उभ्या उभ्या दिसलं. तिला ते दिसत नव्हतं. "त्याला तेवढं चांगलं शिकवा म्हनून सांगा हं तिथल्या बाईस्नी," ती म्हणाली, आणि साडीची पिशवी सावरत उताराला लागली.